धमन्यांसह नऊ भागांचं मेंदूचं मॉडेल : घरोघरी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या वापरातून

हे मॉडेल मी नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या एका दुकानातून घेतलं. खऱ्या मेंदूएवढं, पीव्हीसीचं, नऊ भागांत सुटं होणारं, वरून लाल धमन्या असलेलं. माल अंबाल्याचा, किंमत साडेतीन हजारांच्या आतबाहेर. अशी मॉडेलं बहुतेक नर्सिंग आणि फिजिओथेरपीची कॉलेजं घेतात, त्यामुळे दुकानदारानं पहिलं विचारलं, "कोणत्या कॉलेजसाठी पाहिजे, मॅडम?" माझं कॉलेज नाही. लकव्यानंतर दवाखान्यातून घरी आलेल्या पेशंटना मी त्यांच्या घरी जाऊन व्यायाम देते. महाल, सक्करदरा, मानेवाडा, कधी उमरेड रोडवर पार शेवटच्या लेआऊटपर्यंत. म्हणून हा अभिप्राय वर्गातल्या टेबलावरचा नाही, पलंगाशेजारच्या स्टुलावरचा आहे.

माझं मत आधीच सांगते. ज्यांचं काम पेशंटच्या घरच्यांना समजावण्याचं आहे, त्यांनी हे घ्यावंच. त्यातल्या उणिवा खाली लिहिल्या आहेत, आणि त्यातली एक मोठी आहे.

मॉडेल मधोमध उभं दुभागलेलं आहे. प्रत्येक अर्ध्याचे चार तुकडे होतात: कपाळाचा आणि टाळूखालचा भाग मिळून एक, कानाजवळचा आणि डोक्यामागचा मिळून दुसरा, मेंदूच्या देठाचा अर्धा, आणि लहान मेंदूचा अर्धा. असे आठ. नववा तुकडा म्हणजे देठाच्या पुढून वर चढणारी बॅसिलर धमनी, ती फांद्यांसकट सुटी निघते. प्रत्येक भागावर आकडे आहेत आणि सोबत त्यांची यादी. यादी इंग्रजी आणि लॅटिनमध्ये. मी पहिल्याच आठवड्यात वहीच्या कागदावर मराठी यादी केली: प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू, मस्तिष्कपुच्छ म्हणजे देठाचं खालचं टोक, शाळेच्या पुस्तकात असतात ती नावं. घरात दहावीचं पोरगं असलं की तेच वाचून दाखवतं, आणि आजीलाही मग ते आपल्या घरातलं वाटतं.

वजन खऱ्यापेक्षा बरंच कमी आहे. मोठ्या माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण २० टक्के तो एकटा वापरतो. ही गोष्ट मी प्रत्येक घरी सांगते. एवढी भूक असलेल्या अवयवाचं रक्त थांबलं तर तो मिनिटांत मरायला लागणार, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट, हे प्लास्टिक टणक आहे आणि खरा मेंदू तसा अजिबात नसतो; तो घट्ट विरजलेल्या दह्यासारखा मऊ असतो. हे सांगितलं की हेल्मेटचा विषय त्या घरात आपोआप निघतो, आणि निघावाच.

आता मुख्य उपयोग. मानेवाड्याच्या एका घरी पेशंटच्या मुलानं विचारलं होतं, "मॅडम, बाबांचा डावा हात गेला ना, मंग तुम्ही उजवी बाजू काहून दाखवता?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरी येतो. सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्याचं उत्तर देता येत नाही, मी पूर्वी तेच करायचे आणि लोक मान डोलवायचे. मॉडेलचा उजवा अर्धा हातात घेतला की देता येतं. कपाळाच्या भागाच्या मागच्या कडेला जी उभी वळी आहे तिथून हालचालीचे हुकूम निघतात. तिथून बोट खाली उतरवत आणायचं, देठातून मस्तिष्कपुच्छापर्यंत, आणि तिथे बोट पलीकडच्या बाजूला न्यायचं. शंभरातले ८५ ते ९० तंतू याच जागी बाजू बदलतात. मी स्वतः दाखवून झालं की घरच्या माणसाला म्हणते, आता तुम्ही तुमच्या बोटानं करा. त्या मुलानं केलं आणि वडिलांच्या डाव्या हाताला स्वतःहून हात लावला. त्याआधी तो फक्त खुर्चीमागे उभा राहायचा.

त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो मनाला जास्त लागतो. पेशंट महिन्या-दोन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागतो, हात मात्र मांडीवर तसाच पडलेला. घरच्यांना वाटतं, पायाचा व्यायाम करतात, हाताचा टाळतात. बायको म्हणते, "हाताचं मनावरच घेत नाहीत जी." या ठिकाणी लाल धमन्यांचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मानेतून वर आलेली मोठी धमनी मेंदूत जवळजवळ सरळ मधल्या धमनीत शिरते, म्हणून हृदयातून किंवा मानेतून सुटलेली गुठळी बहुतेक वेळा तिकडेच जाते. ही मधली धमनी बाहेरच्या अंगावर पसरते, आणि हात व चेहरा सांभाळणारी जागा त्याच अंगावर आहे. पाय सांभाळणारी जागा आतल्या अंगाला आहे, दोन अर्धे एकमेकांना टेकतात तिथे, आणि तिला रक्त देणारी धमनी वेगळी आहे. मॉडेल बंद असताना पायाची जागा दिसतच नाही. ते उघडून ती जागा दाखवली की बाई गप्प होते, आणि मग नवऱ्याशी तिच्या बोलण्याचा सूर बदललेला मला पुढच्या वेळी ऐकू येतो. त्या सुरावर पेशंटचा अर्धा व्यायाम अवलंबून असतो, असं मी माझ्या कामातून ठामपणे सांगू शकते.

मी पक्क्या मार्करनं या वळीवर तीन रंग लावले आहेत: चेहऱ्याला हिरवा, हाताला निळा, आतल्या बाजूला पायाला काळा. पीव्हीसीवर रंग चांगला धरतो, स्पिरिटनं पुसता येतो.

सगळ्यात जास्त गैरसमज मात्र हातापायाचा नसतो. उजव्या बाजूच्या टाळूखालच्या भागाला इजा झाली की काही पेशंटसाठी जगाची डावी बाजू नाहीशी होते. डोळे ठीक असतात, पण मेंदू त्या बाजूकडे लक्षच देत नाही. ताटातला उजवीकडचा भात संपतो, डावीकडची भाजी तशीच राहते. दाढी उजव्या गालाचीच होते. डावीकडून कोणी हाक मारली तर मान उजवीकडे वळते. महालातल्या एका जुन्या वाड्यात सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की सासरे मुद्दाम तिच्याकडे पाहत नाहीत, जुना राग काढतात. तिची खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला होती. मी मॉडेल काढलं, ती जागा दाखवली, मग ताट अर्धं फिरवून ठेवलं. सासऱ्यांनी उरलेली भाजी खाल्ली. त्या घरात पुढे पलंगाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली, बोलणारा माणूस डावीकडे बसायला लागला, फक्त पाण्याचा गडवा आणि बोलवायची घंटी सुरुवातीला उजवीकडेच ठेवली, कारण तहान लागल्यावर व्यायाम करायला लावायचा नसतो. ही जागा मॉडेलवर स्पष्ट आहे, मोठी आहे, आकडाही बरोबर आहे. या एका कारणासाठीसुद्धा मी हे मॉडेल परत घेईन.

बोलणं गेलेल्या पेशंटच्या घरी डावा अर्धा लागतो. बहुतेक माणसांची भाषा डाव्या बाजूला असते, डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची. कपाळाच्या भागात खालच्या बाजूला ब्रोकाची जागा आहे, बोलणं जुळवणारी. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी ज्या माणसाच्या मेंदूत या जागेची इजा पाहिली, तो अनेक वर्षं 'टॅन' एवढाच उच्चार करू शकत होता, पण समोरच्याचं बरंचसं समजत होता. कानाच्या मागे वर्निकेची जागा, ती कार्ल वर्निके यांनी १८७४ मध्ये मांडली. तिथे बिघाड झाला की माणूस भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं कळत नाही. घरच्यांना हा फरक समजणं फार गरजेचं आहे. पहिल्या प्रकारच्या माणसासमोर "यांना आता काही समजत नाही" असं बोललं जातं, आणि तो ते सगळं ऐकत असतो. एका निवृत्त मास्तरांना पाणी मागता यायचं नाही, पण संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की ते शब्द न चुकता म्हणायचे. मुलीला वाटलं, म्हणजे बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत. पाठ असलेलं, चालीतलं म्हणणं आणि नवीन वाक्य जुळवणं ही मेंदूची एकच वाट नाही, हे तिला पटायला मॉडेलचा डावा आणि उजवा दोन्ही अर्धे समोर ठेवावे लागले.

आता उणिवा.

मोठी उणीव ही, की आतल्या तंतूंची वाट कुठेच रंगवलेली नाही. वळीपासून निघालेले हालचालीचे सगळे तंतू मेंदूच्या पोटात एका अरुंद पट्ट्यात एकत्र येतात. तिथे बारीक धमन्या जातात, आणि वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं ब्लडप्रेशर याच बारीक धमन्यांना खराब करतं. त्या फुटतात किंवा बंद होतात. वाटाण्याएवढी इजा, पण पूर्ण अर्धं अंग जातं, कारण सगळे तंतू तिथे दाटीनं आहेत. माझ्या पेशंटपैकी कितीतरी जण याच प्रकारचे. "रिपोर्टमध्ये तं छोटासा डाग लिहिला आहे, मंग एवढं कसं गेलं?" याचं उत्तर हे मॉडेल देत नाही, कारण ते उभं दुभागतं, आडवा छेद त्यात नाही. मी कागदावर चित्र काढून वेळ भागवते. बनवणाऱ्यांनी वळीपासून मस्तिष्कपुच्छातल्या अदलाबदलीपर्यंत एक पिवळी रेघ जरी आखली असती, तरी मॉडेलची किंमत दुप्पट वाजवी वाटली असती.

कंपवाताच्या पेशंटसाठीही अशीच अडचण. देठाच्या वरच्या भागात काळसर पेशींची एक पट्टी असते, त्या पेशी डोपामिन हे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन तयार करतात. निम्म्याहून जास्त पेशी जाईपर्यंत हाताची थरथर, अंगाचा ताठरपणा, छोटी पावलं ही लक्षणं सहसा दिसत नाहीत. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा ही पट्टी कारण आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. मॉडेलवर ती नाहीच. विसरभोळेपणाच्या आजारात आधी झिजणारा, आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पसही घरच्या माणसाला नीट दाखवता येत नाही. कानाजवळचा तुकडा वेगळा काढून "याच्या आत" एवढंच म्हणावं लागतं.

चेहऱ्याच्या नसेचं टोक मात्र आहे, देठाच्या कडेला, तांदळाएवढं. थंडीत रामटेककडून मोटारसायकलवर आलेला तरुण सकाळी उठतो तो तोंड वाकडं घेऊनच. घरात रडारड, लकवा झाला म्हणून. अशा वेळी पहिली खूण कपाळ. वर बघून आठ्या पाडायला सांगायच्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, म्हणून मेंदूच्या झटक्यात सहसा तोंड वाकडं होतं पण आठ्या पडतात; नुसती नस सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळही सपाट राहतं आणि डोळा मिटत नाही. हे सांगून झालं तरी मी डॉक्टरकडे त्याच दिवशी पाठवते, कारण नस सुजण्यावरची औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर उपयोग चांगला, आणि खूण ओळखण्याची जबाबदारी घरच्यांवर टाकायची नसते.

मिरगीच्या पेशंटच्या घरी मॉडेल फारसं लागत नाही. तिथे लागतात सूचना: कुशीवर करा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा, झटका ५ मिनिटांवर गेला तर दवाखाना.

मॉडेल घेऊन मी जे शेवटी प्रत्येक घरी सांगते ते पेशंटसाठी नसतं, बाकीच्यांसाठी असतं. तोंड वाकडं, हात खाली गळतो, बोलणं अडखळतं, यातलं काहीही अचानक दिसलं तर १०८ ला फोन, आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी धमनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये तार घालून गुठळी २४ तासांपर्यंतही काढता येते, पण उशीर केलेला कधीच फुकट जात नाही, मेंदूचा तुकडा घेऊनच जातो. सीटी स्कॅन होईपर्यंत स्वतःहून ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही. तेल चोळायला, कबुतराचं रक्त लावायला नेणारी माणसं अजून आहेत. त्यांना मी रागावत नाही. मधल्या धमनीवर बोट ठेवते आणि विचारते, तेल इथपर्यंत कसं पोहोचेल?

विदर्भात आणखी एक गोष्ट सांगावी लागते. सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांमध्ये याच मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात आणि शाळकरी वयात लकवा येऊ शकतो. "एवढ्या लहान लेकराले लकवा होते काय?" होतो. डोक्यावरून करायच्या, धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉपलर तपासणीनं धोका आधी कळू शकतो. सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईला मी ही धमनी न चुकता दाखवते, मूल धडधाकट असलं तरी.

मॉडेल मस्तिष्कपुच्छाशी संपतं. मेरुरज्जू नाही, तिच्यातून निघणाऱ्या नसांच्या ३१ जोड्या नाहीत. भंडाऱ्याकडच्या एका आजोबांनी मला लाखोळीच्या डाळीबद्दल विचारलं होतं. त्यांच्या लहानपणी गावात दोन्ही पाय आखडलेली, टाचा उचलून चालणारी माणसं त्यांनी पाहिली होती. महिनोन् महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर तिच्यातलं विष पायांकडे जाणाऱ्या लांब तंतूंना मारतं, आणि गेलेलं परत येत नाही. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली ती याचसाठी. हे लांब तंतू दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या पेशंटनाही हे मॉडेल निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी कंबरेच्या मणक्यांचं वेगळं मॉडेल येतं, ते आधी घ्या. लॅमिनेट केलेला चेतासंस्थेचा तक्ता मिळतो तो भिंतीवर शोभतो, पण पलंगावरच्या माणसाला त्यातलं काही वाचता येत नाही.

टिकाऊपणा ठीक आहे. जोडायच्या खुंट्या प्लास्टिकच्या आहेत आणि देठाकडची खुंटी लवकर सैल होते. मी तिला पातळ रबर चढवलं. मे महिन्यात हे स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हात पीव्हीसी मऊ पडतं आणि तुकडे नीट बसत नाहीत. नव्याला रंगाचा वास येतो, दोन दिवस गच्चीवर सावलीत ठेवा. चार भागांचं, भडक रंगांचं स्वस्त मॉडेल शाळेला चालेल. त्यात धमन्या नाहीत, म्हणून लकव्याच्या घरी त्याचा काही उपयोग नाही.

घेताना दुकानातच नऊही भाग काढून परत जोडून बघा. मॉडेल पालथं करून खालच्या बाजूचं धमन्यांचं कडं तपासा: पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारे दोन्ही बारीक दुवे असायला हवेत, हलक्या मालात ते रंगवायचे राहून जातात. आणि बॅसिलर धमनीच्या फांद्या मोजून घ्या, पेटीत फोमखाली तुटून पडलेल्या असतात, घरी गेल्यावर दुकानदार बदलून देत नाही.